क्रिटा आणि एआय डिफ्युजन प्लगइन: कॅनव्हासवर काम करणाऱ्याला कितपत उपयोगी?

शब्द टाइप करायचे, चार चित्रं येतात, त्यातलं एक उचलायचं. एआयची ही सर्वांना माहीत असलेली पद्धत रंगवणाऱ्या माणसाला लवकर कंटाळवाणी होते. कारण साधं आहे. 'घाटावरची संध्याकाळ' असं लिहिलं की जे येतं त्यात रचना यंत्राची, उजेड यंत्राचा आणि घाटही त्याच्याच मनातला. चित्रकाराकडे त्याआधीच वहीत एक रेखाटन असतं, डाव्या बाजूला एक मोठा गडद आकार हवा हे ठरलेलं असतं, आणि अडलेलं असतं ते दुसरीकडेच: मागचा उजेड कुठून घ्यावा, मधली जागा रिकामी ठेवावी की नाही. हा प्रश्न शब्दांत मांडताच येत नाही, तो रेघा आणि डागांनीच विचारावा लागतो.

असा प्रश्न विचारता येणारं आणि पैसे न लागणारं साधन म्हणून क्रिटा आणि त्यावरचं 'जनरेटिव्ह एआय फॉर क्रिटा' हे प्लगइन आम्ही इथे तपासतो आहोत. बहुतेक लोक त्याला एआय डिफ्युजन म्हणतात. क्रिटा हे चित्रं काढण्याचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि प्लगइनही जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळतं. आत चालतं ते स्टेबल डिफ्युजन, म्हणजे २०२२ मध्ये खुलं झालेलं, चित्रं काढणारं मॉडेल आणि त्याची पुढची भावंडं, मागे कम्फीयूआय नावाचा सर्व्हर, ज्यात एरवी कामाच्या चौकटी तारांनी एकमेकींना जोडाव्या लागतात. तो तारांचं जाळं जोडत बसायचा प्रकार चित्रकाराला दिसत नाही, ही पहिली जमेची बाजू. निकाल आधीच सांगतो: कॅनव्हासच्या आधी आणि कॅनव्हासच्या मध्ये हे साधन उत्तम आहे. शेवटचं चित्र यातून काढायला गेलात तर निराशा पदरी पडेल.

बसवताना घोडं कुठे अडतं

क्रिटा ५.२ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. प्लगइनची झिप फाइल उतरवायची आणि ती उघडायची नाही, तशीच 'टूल्स'मधल्या 'स्क्रिप्ट्स'मध्ये जाऊन 'इम्पोर्ट पायथन प्लगइन फ्रॉम फाइल'ला द्यायची. क्रिटा बंद करून पुन्हा सुरू करायचं. मग 'सेटिंग्ज'मधल्या 'डॉकर्स'मध्ये (डॉकर म्हणजे कडेला उघडणारी पट्टी) 'एआय इमेज जनरेशन' चालू करायचं. इथे बरेच जण अडकतात, कारण कुठलंच चित्र उघडलेलं नसेल तर डॉकर दिसतच नाही. आधी एक कोरा कागद उघडा. डॉकरमधून 'कॉन्फिगर'मध्ये गेलं की सर्व्हर आणि मॉडेलं तेच उतरवून घेतं. एसडीएक्सएलचं (स्टेबल डिफ्युजनचं नंतरचं, मोठं भावंड) एक मॉडेल सहा-सात जीबीचं, वर रेघा-आकार पाळायला लावणारी कंट्रोल मॉडेलं वेगळी. डिस्कवर पंचवीस-तीस जीबी मोकळी असलेली बरी.

दुसरी अडचण रंगाच्या प्रकाराची. छपाईची सवय असलेले लोक सीएमवायकेमध्ये किंवा १६ बिटमध्ये फाइल उघडतात आणि प्लगइन चक्क नकार देतं. त्याला आरजीबी, ८ बिटच लागतं. 'इमेज' मेनूतून 'कन्व्हर्ट इमेज कलर स्पेस' केलं की प्रश्न मिटतो.

आता पैशाचा भाग. एनव्हिडियाचं कार्ड आणि त्यावर किमान ६ जीबी मेमरी, ही सोयीची खालची पायरी; त्याहून कमीवर काय करायचं ते शेवटी. एसडीएक्सएल आणि त्याच्यासोबत दोन कंट्रोल लेयर आरामात चालवायचे तर १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० पुरतं. त्यावर एक चित्र साधारण पंधरा-वीस सेकंदांत येतं आणि कार्ड १७० वॉटपर्यंत वीज खातं. अॅपलच्या एम मालिकेवर चालतं, पण सावकाश. कार्डच नसेल तर प्रोसेसरवरही चालतं. मात्र एका चित्रासाठी चहा करून पिऊन यावं लागेल. प्लगइन बनवणाऱ्यांचीच इंटरस्टाइस नावाची ऑनलाइन सेवा आहे, तिथे वापराप्रमाणे पैसे लागतात आणि तुमच्या संगणकावर भार येत नाही. कधीमधी लागणार असेल तर कार्ड विकत घेण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा.

माउसवर काम करू नका. साधा छोटा पेन टॅब्लेट चालेल, पण हवाच.

एकच स्लायडर नीट समजून घ्या

डॉकरमध्ये प्रॉम्प्टची, म्हणजे हवं ते शब्दांत लिहायची चौकट, शैलींची यादी, एक बटण आणि 'स्ट्रेंग्थ'चा स्लायडर. या स्लायडरवर सगळं आहे. १०० टक्क्यांवर यंत्र तुमच्या कागदावरचं काहीही न पाहता नव्याने काढतं. त्याखाली आणलं की बटणावरचं नावच 'जनरेट'चं 'रिफाइन' होतं, आणि कागदावर जे आहे तिथूनच ते सुरुवात करतं.

३० टक्क्यांवर फक्त पोत आणि कडा बदलतात. ४५ ते ६० हा चित्रकाराच्या कामाचा पट्टा: मोठे आकार, गडद-फिक्याची मांडणी आणि एकूण रंग तुमचे राहतात, त्यातलं झाड कसं आहे, भिंतीवर सावली कशी पडते याच्या सूचना यंत्र करतं. ७० च्या पुढे तुमचा गडद डाग 'इथे काहीतरी गडद आहे' एवढ्यापुरताच उरतो. म्हणजे कागदावर तुम्ही जितकं जास्त रंगवून ठेवाल तितकं यंत्र तुमच्या हातात राहतं. रुंद, चपट्या ब्रशने पाच-सहा टोनमध्ये मांडलेलं ढोबळ चित्र, तपशील शून्य, हा सर्वांत चांगला कच्चा माल. बारीक रेखाटलेलं पण टोन नसलेलं चित्र या स्लायडरवर वाया जातं, कारण यंत्राला पांढरा कागदच दिसतो आणि ते सगळं फिकट धुक्यात काढून देतं.

रात्रीचं चित्र करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. स्टेबल डिफ्युजनला १०० टक्क्यांवर काळोख काढता येत नाही. 'अंधारी गल्ली, एकच दिवा' लिहा, येईल ती निळसर राखाडी गल्ली, तीन दिवे आणि भिजलेला चकचकीत रस्ता. मॉडेल शिकवताना चित्रांवर जो नॉइज, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांचा थर, चढवला जातो त्यात चित्राचा सरासरी उजळपणा शेवटच्या पायरीपर्यंत पूर्ण पुसला जात नाही, त्यामुळे तो मुळातून ठरवायला मॉडेल शिकतच नाही. प्रत्यक्षात सुरुवात होते ती निव्वळ नॉइजपासून, ज्याची सरासरी मधल्या टोनची, आणि चित्राचीही सरासरी तिथेच अडकते. एसडीएक्सएलमध्ये हा दोष कमी झाला, गेला नाही. उपाय चित्रकाराच्या सवयीतलाच आहे. कॅनव्हासला आधी रंगीत जमीन देतो तशी इथेही कागदाला गडद अंबरची (तपकिरी) जमीन द्या, त्यावर दिव्याचा एकच उबदार ठिपका टाका आणि स्ट्रेंग्थ ६५ ठेवून 'रिफाइन' करा. आता सुरुवातच काळोखातून होते, आणि काळोख टिकतो.

कंट्रोल लेयर: इथे प्लगइन पैकीच्या पैकी गुण घेतं

प्रॉम्प्टच्या शेजारच्या बटणाने कंट्रोल लेयर जोडता येतो. ही कल्पना २०२३ च्या कंट्रोलनेट या संशोधनातून आली: शब्दांच्या जोडीला यंत्राला रेघा, खोली किंवा शरीराची ठेवण दाखवायची आणि ती पाळायला लावायची. प्रकार बरेच आहेत. चित्रकाराला रोज लागतात ते चार.

'स्क्रिबल' वहीतल्या कच्च्या रेखाटनासाठी. 'लाइन आर्ट' नेमक्या रेघांसाठी. 'डेप्थ' म्हणजे जवळचं उजळ, लांबचं गडद असा राखाडी नकाशा. तो फोटोवरून प्लगइनच काढून देतं. आणि 'पोझ', ज्यात माणसाचा काड्यांचा सांगाडा क्रिटाच्या व्हेक्टर लेयरवर येतो आणि तुम्ही कोपर, गुडघा धरून हलवू शकता. मानवाकृतीच्या समूहचित्राची मांडणी करताना हे फार उपयोगी पडतं.

पेन्सिलच्या रेखाटनाचा मोबाइलवर फोटो काढला आणि थेट 'स्क्रिबल'ला दिला की हमखास गोंधळ होतो. प्लगइनला पांढऱ्यावर काळ्या रेघा हव्या असतात. फोटोतला कागद राखाडी असतो, एका कोपऱ्यात हाताची सावली असते, वहीची शिवण असते, आणि यंत्र त्या शिवणीचं क्षितिज करतं. म्हणून फोटो क्रिटात आणल्यावर कंट्रोल-टी दाबून पर्स्पेक्टिव्ह प्रकारात चारही कोपरे सरळ करा, कंट्रोल-शिफ्ट-यू ने रंग काढा, कंट्रोल-एल ने लेव्हल्स उघडून पांढरी खूण कागदाच्या टोनपर्यंत आत ओढा. रेघा काळ्या, बाकी सगळं पांढरं. दोन मिनिटांचं काम आहे, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरी चूक म्हणजे कंट्रोलची ताकद शंभरावरच ठेवणं. रेखाटनातली प्रत्येक चाचपडती रेघ मग दोरी, तार किंवा फांदी होऊन बसते. 'स्क्रिबल' ६० ते ७० वर पुरे. प्रगत पर्यायांत कंट्रोल कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत चालावा हेही ठरवता येतं. सुरुवातीच्या साठ टक्के पायऱ्यांपुरता ठेवला तर रचना तुमची राहते आणि शेवटच्या पायऱ्यांत कडा मोकळ्या होतात.

उजेडाचा अभ्यास करायला 'डेप्थ'सारखं साधन नाही. समजा कोकणातल्या घराचा भर दुपारचा, सपाट उजेडाचा फोटो आहे आणि चित्र संध्याकाळचं करायचं आहे. फोटोवरून 'डेप्थ' काढा, त्याची ताकद ८० ठेवा. फोटोच्या वर नवा लेयर घेऊन मोठ्या ब्रशने संध्याकाळचा उजेड ढोबळ मांडा: पश्चिमेची भिंत नारिंगी, ओटी जांभळट, अंगण मध्यम. स्ट्रेंग्थ ५५. प्रॉम्प्ट छोटा आणि इंग्रजीत, कारण मॉडेल शिकलंय मुख्यतः इंग्रजी मथळ्यांवर. उजेडाची दिशा, वेळ, हवा, एवढंच लिहा. 'मास्टरपीस', 'हायली डिटेल्ड' असले मंत्र टाकू नका, त्याने चित्र फक्त गुळगुळीत होतं. मग उजेडाचा लेयर बदलून ढगाळ, सकाळ, मागून येणारा उजेड असे प्रकार काढा. घराची भूमिती तीच राहते, म्हणून तुलना खरी होते. हाताने एवढे रंगाभ्यास करायला दिवस जातो, इथे तासाभरात होतात. हाताने केलेल्यातून जे शिकायला मिळतं ते मात्र यातून मिळत नाही, आणि शिकणाऱ्या विद्यार्थ्याने हा शॉर्टकट निदान पहिली काही वर्षं घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

यंत्राला काय माहीत नाही

इंटरनेटवर ज्याची चित्रं भरपूर, ते यंत्राला येतं. आपल्याकडच्या गोष्टींत ते उघडं पडतं. नऊवारी मागा, गोल नेसलेली कुठली तरी साडी येते. काष्टा नाहीच. आला तर तो धोतर आणि सलवारीच्या मधला काहीतरी प्रकार असतो. नथ म्हणून साधी गोल नथनी, तीही कधी गालावर तरंगणारी. जांभ्या दगडाच्या भिंतीच्या जागी लाल विटा, मंगलोरी कौलांच्या ओळी अर्ध्यात दिशा बदलतात, होडीची दोरी कुठेच बांधलेली नसते. 'इंडियन वुमन, ऑइल पेंटिंग' लिहिलं की कॅलेंडरवरचा गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा समोर येतो. रविवर्म्याच्या छापखान्याने १८९४ पासून घाटकोपरला आणि नंतर मळवलीला ज्या प्रकारच्या छापील चित्रांचा पाया घातला, त्यांच्या नकलांच्या नकलाच जणू यंत्राच्या पोटात आहेत. वारली मागितली की दोन त्रिकोण जोडलेली माणसं येतात खरी, पण तारप्याभोवतीच्या नाचाचा फेर जुळत नाही. भौगोलिक मानांकन असलेल्या या कलेची अशी नक्कल विकायला काढू नये हे वेगळं सांगायला नको.

नऊवारीवर उपाय आहे. माणूस बसवून फोटो घ्या किंवा स्वतः रेखाटा, काष्ट्याच्या चुण्या स्वच्छ रेघांनी काढा आणि त्या 'लाइन आर्ट'ला ९० वर द्या. इथे 'डेप्थ' कामाचं नाही, चुण्यांची खोली इतकी उथळ असते की नकाशात ती उतरतच नाही. स्ट्रेंग्थ ४० च्या वर नेऊ नका. तरीही पदराचे काठ चुकतील. ते तसेही कॅनव्हासवर तुम्हीच रंगवणार आहात.

हाताची सहा बोटं हा विनोद आता जुना झाला. रंगवणाऱ्यासाठी याहून घातक दोष वेगळे आहेत आणि ते चटकन दिसत नाहीत. प्रत्येक वस्तूला मागून कडेचा उजेड दिलेला असतो, मग सूर्य कुठेही असो. सगळ्या कडा सारख्याच तीक्ष्ण, एकही कड मागच्या टोनमध्ये विरघळत नाही. मुख्य आकार मधोमध. सावल्यांत निळसर आणि उजेडात नारिंगी हा एकच ठेका. आणि 'ब्रशचे फटकारे' मागितले की ते आकाराच्या वळणाने जात नाहीत, वरून पसरलेल्या पोतासारखे दिसतात. हे जसंच्या तसं कॅनव्हासवर उतरवलं तर जाणकाराला पाच फुटांवरून कळतं.

तपासणीची सोपी रीत: आलेल्या चित्राची प्रत घेऊन रंग काढा, मग 'पोस्टराइज' फिल्टर चार पायऱ्यांवर लावा. चार टोनमध्ये रचना उभी राहिली तर पुढे जा. बहुतेक वेळा दिसतं की रंगांच्या झगमगाटाखाली सगळं मधल्या दोन टोनमध्येच अडकलंय.

पडद्यावरचा रंग आणि ट्यूबमधला रंग

पडदा स्वतः उजळतो, रंगद्रव्य उजेड परावर्तित करतं. विजेरी निळा-जांभळा, निऑनसारखा गुलाबी हे रंग अल्ट्रामरीन आणि पांढरा कितीही घोटले तरी येणार नाहीत. यंत्राने सुचवलेलं आकाश पाहून भारावून गेलेला माणूस मग कॅनव्हाससमोर तासभर रंग चिखल करत बसतो.

क्रिटात यावर एक सुरेख, फारसा कुणी न वापरलेला उपाय आहे. तुम्ही नेहमी वापरता त्या पाच ट्यूब घ्या, पांढरा सोडून. समजा अल्ट्रामरीन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अलिझरिन आणि कॅडमियम यलो. दोन-दोनच्या दहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीची तीन प्रमाणं रंगवा, म्हणजे तीस चौकोन. प्रत्येकात पांढरा घालून आणखी दोन फिक्या छटा. नव्वद चौकोन, वर पाच शुद्ध रंग. वाळल्यावर ढगाळ उजेडात, पांढऱ्या रंगाचा समतोल एकदा ठरवून, मोबाइलचा एचडीआर बंद करून फोटो काढा. क्रिटात या चौकोनांवरून रंग उचलून एक पॅलेट साठवा. आता यंत्राच्या चित्रावर 'फिल्टर'मधल्या 'मॅप'मध्ये असलेला 'पॅलेटाइज' लावा आणि हेच पॅलेट निवडा. चित्रातला प्रत्येक रंग तुमच्या चौकोनांतल्या सर्वांत जवळच्या रंगात बदलतो. चित्र ओबडधोबड दिसेल, पण तुमच्या डब्यातून प्रत्यक्षात काय निघू शकतं ते कळेल. निळी संध्याकाळ करडी झाली तर रचना त्या करड्यावर तगते का, हे कॅनव्हासला हात लावायच्या आत ठरवता येतं.

कॅनव्हासवर उतरवताना प्रमाण सुरुवातीपासून जुळवून ठेवा. २४ बाय ३६ इंचाच्या कॅनव्हाससाठी फाइल १६०० बाय २४०० पिक्सेलची घ्या. ग्रिड २०० पिक्सेलवर लावली की ८ बाय १२ चौकोन पडतात, आणि कॅनव्हासवर तोच चौकोन बरोबर ३ इंचांचा. फाइल मॉडेलच्या स्वाभाविक आकारापेक्षा मोठी असली तरी बिघडत नाही. प्लगइन आधी लहान आकारात काढून मग मोठं करतं. जुन्या पद्धतीने थेट मोठ्या आकारात काढायला गेलं की दोन क्षितिजं, एकावर एक दोन डोकी असा प्रकार व्हायचा. ती कटकट इथे उरलेली नाही.

अर्धवट चित्राशी बोलणं

आमच्या मते या साधनाचा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत कमी चर्चा झालेला उपयोग हा आहे. तैलचित्र सत्तर टक्के झालंय आणि डाव्या बाजूला काहीतरी रिकामं वाटतंय. एरवी काचेचा तुकडा धरून त्यावर रंग लावून बघायचा किंवा धीर करून थेट मारायचं. इथे कॅनव्हासचा फोटो घ्या. ओल्या तेलाची चमक टाळायला उजेड दोन्ही बाजूंनी तिरका हवा, समोरून नको. फोटो सरळ करा, वर नवा लेयर घेऊन तुम्हाला सुचलेला गडद आकार ढोबळ रंगवा, त्याभोवती थोडी जास्त जागा धरून निवड करा आणि स्ट्रेंग्थ ४० ते ५० वर 'रिफाइन' चालवा. प्लगइन फक्त निवडलेला भाग बदलतं, आजूबाजूचा संदर्भ बघून. परिणाम डॉकरमध्ये छोट्या चित्रांत येतात, त्यावर टिचकी मारून कॅनव्हासवर कसा दिसेल ते पाहायचं, 'अप्लाय' केलं की तो वेगळ्या लेयरवर बसतो. मूळ फोटोला धक्का लागत नाही.

आठ-दहा पर्याय पाहिल्यावर बऱ्याचदा निष्कर्ष निघतो की तिथे काहीच नको होतं, उजवीकडचा उजेडच जास्त आहे. तोही निष्कर्ष फुकटात मिळाला म्हणायचा.

'लाइव्ह' नावाची एक सोय आहे, तिच्यात तुम्ही ब्रश चालवताना शेजारी चित्र लगेच बदलत राहतं. बघायला मजा येते. चित्रकाराने जपूनच वापरावी, कारण दर सेकंदाला मिळणाऱ्या गोड उत्तरामुळे आपल्या डागाकडे बघायची सवय सुटते. वापरायचीच तर सीड (यंत्राची सुरुवात ठरवणारा आकडा) कायम ठेवा, नाहीतर बदल तुमच्या फटकाऱ्यामुळे झाला की योगायोगाने, कळत नाही.

स्वतःच्या चित्रांवर शिकवणं

अमेरिकन चित्रकार डेव्हिड सॅली यांनी ग्रँट डेव्हिस या तंत्रज्ञाबरोबर स्वतःच्या जुन्या चित्रांवर मॉडेल शिकवून घेतलं, निघालेल्या प्रतिमा कापडावर छापल्या आणि त्यावर तैलरंगांत काम केलं. २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या ग्लॅडस्टोन गॅलरीत ती मालिका लागली होती. हॅरॉल्ड कोहेन यांचा 'एरन' हा प्रोग्राम याच्या कितीतरी आधीचा, १९७० च्या दशकातला. तो रेघा काढायचा आणि रंग बरीच वर्षं कोहेन हाताने भरायचे.

लहान प्रमाणावर हे घरी करता येतं, लोरा नावाच्या छोट्या पूरक फाइलने. प्लगइनमध्ये शिकवण्याची सोय नाही, त्यासाठी वनट्रेनर किंवा कोह्या अशी वेगळी साधनं लागतात. तयार फाइल मात्र प्लगइनच्या शैलीत जोडता येते. एकाच काळातली, एकाच माध्यमातली २० ते ३० चित्रं निवडा. १९९८ ची जलरंगातली निसर्गचित्रं आणि आताची अॅक्रिलिकमधली अमूर्त चित्रं एकत्र केलीत तर खिचडी होते. प्रत्येकाचा फोटो १०२४ पिक्सेलला कापा. फ्रेम, काचेची चमक, भिंत, सगळं वगळा. आणि सही कापाच, नाहीतर प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तुमच्या सहीसारखा गिचमिड डाग येत राहतो. मथळ्यांत चित्रात काय आहे ते लिहा, शैलीचं वर्णन करू नका. ज्याचं वर्णन केलं नाही तेच लोरा तुमची खूण म्हणून शोषून घेतं. रँक, म्हणजे लोराचा आकार, १६ पुरते. दर फेरीची फाइल वेगळी जपा, कारण शेवटची सर्वांत चांगली असतेच असं नाही. काहीही मागितलं तरी तुमच्या एकाच गाजलेल्या चित्राची रचना परत येऊ लागली की शिकवणं जास्त झालं, दोन-तीन फेऱ्या मागे जा. वापरताना जोर ०.६ ते ०.८.

छापून वर रंगवणार असाल तर २४ बाय ३६ इंचाला १५० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. त्यासाठी 'अपस्केल' भागात रिफाइनची ताकद ३० च्या आत ठेवा, नाहीतर भिंतीवर नसलेल्या भेगा उगवतात. छपाई पिगमेंट शाईचीच मागा, डाय शाई लवकर उडते. इंकजेटच्या कॅनव्हासवरचा थर पाण्याने सुटू शकतो म्हणून आधी फवाऱ्याने वॉर्निश, मग पारदर्शक अॅक्रिलिक माध्यमाचा पातळ हात, आणि त्यावर रंग. एका कोपऱ्याच्या कात्रणावर आधी करून बघा.

हक्क आणि खरेपणा

यावर थोडक्यात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं कलम २(ड)(सहा) सांगतं. पण हे कलम लिहिताना असं मॉडेल कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. अमेरिकेत नुसत्या प्रॉम्प्टमधून आलेल्या चित्राला नोंदणी नाकारली गेली आहे. माणसाने स्वतः केलेल्या भागाचा विचार वेगळा होतो. म्हणून रेखाटनं, लेयर असलेल्या क्रिटाच्या फाइली आणि टप्प्यांचे फोटो जपून ठेवा. हयात चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घालू नका. पोलिश चित्रकार ग्रेग रुटकोव्स्की यांचं नाव २०२२ मध्ये इतक्या लोकांनी घातलं की त्यांच्या नावाने शोधलं तर त्यांचीच चित्रं सापडेनात अशी त्यांची तक्रार होती. स्पर्धेला चित्र पाठवताना नियमावलीत एआयविषयी काय म्हटलंय ते वाचा, आणि विचारलं तर सरळ सांगा.

कुणी घ्यावं

स्टुडिओत रचना बांधून काम करणारे, समूहचित्रं आणि भित्तिचित्रं करणारे, कमिशनच्या कामात ग्राहकाला दोन-तीन उजेड दाखवावे लागतात असे: यांनी नक्की. एकेका ग्राहकाशी होणारी 'जरा असं करून बघा ना'ची चार भांडणं वाचतात. जागेवर बसून जलरंग करणाऱ्यांना याचा उपयोग जवळजवळ नाही, त्यांचे निर्णय कागद ओला असतानाच होतात. अमूर्त काम करणाऱ्यांनी 'स्टेन्सिल' आणि 'ब्लर' हे दोन कंट्रोल जरूर खेळून बघावेत. शब्दांची चौकट कोरी ठेवूनही चालतं आणि तिथे यंत्र कधी कधी खरंच चकित करतं.

जुना ४ जीबी कार्डचा लॅपटॉप असेल तर एसडीएक्सएलच्या नादी लागू नका. एसडी १.५ ही स्टेबल डिफ्युजनची जुनी, हलकी आवृत्ती बसवा, तिचं मॉडेल दोन जीबीच्या आसपास असतं, फाइल लहान ठेवा आणि एका वेळी एकच कंट्रोल लावा. थंबनेल आणि उजेडाच्या अभ्यासाला तेवढं पुरतं. प्लगइनच्या नव्या आवृत्त्या वारंवार येतात आणि सर्व्हरही सोबत बदलतो, त्यामुळे हातात मुदतीचं काम असताना अद्ययावत करू नका. आधी चालू असलेला सर्व्हरचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.